शुगर उतरली तरी ड्रिप चालूच: मुलांच्या डीकेएमध्ये इन्सुलिन कसं द्यायचं

मी सोळा वर्षं लहान मुलांच्या आयसीयूत सिस्टर आहे. नवी मुलगी ड्युटीला लागली की पहिल्या आठवड्यात मी तिला एक प्रश्न हमखास विचारते. डीकेएचं (डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे मधुमेहात इन्सुलिनअभावी रक्त आंबतं तो आजार) मूल आहे, इन्सुलिनची ड्रिप चालू आहे, पहाटे शुगर १४० आली. काय करशील? बहुतेक जणी चटकन म्हणतात, "ताई, ड्रिप बंद करीन आणि डॉक्टरांना कळवीन." उत्तराचा दुसरा भाग बरोबर आहे. पहिल्या भागामुळे मूल पुन्हा बिघडतं.

हे मी स्वतः केलेलं आहे. नोकरीचं पहिलं वर्ष, नऊ वर्षांचा मुलगा, रात्रभर छान सुधारत आलेला. पहाटे ग्लुकोमीटरवर ११० दिसले आणि माझ्या पोटात गोळा आला. आता शुगर एकदम खाली जाईल, झटका येईल, या भीतीने मी इन्सुलिनचा पंप थांबवला. डॉक्टरांना सांगायला निघाले तर शेजारच्या बेडवर गडबड झाली. पंप पुन्हा सुरू व्हायला दीड तास गेला. तोवर पोराचा श्वास परत खोल आणि भराभर चालू झाला होता, बायकार्ब (रक्तातलं आम्ल शोषणारा क्षार, तो घसरला म्हणजे आम्ल वाढलं) १४ वरून १० वर घसरला होता. शिरेतून दिलेलं इन्सुलिन रक्तात काही मिनिटंच टिकतं. पंप थांबला की मूल थोड्याच वेळात इन्सुलिनविना पडतं, म्हणजे ज्या कमतरतेने ते आयसीयूत आलं तीच आपण पुन्हा ओढवून आणतो. ती पहाट मी विसरलेले नाही.

हे लिहिते आहे ते नव्या सिस्टर्ससाठी आणि रात्रीच्या ड्युटीला एकट्या पडणाऱ्या ज्युनिअर डॉक्टरांसाठी. तुमच्या वॉर्डात लिखित प्रोटोकॉल असेल तर तो आधी, माझं नंतर. आकडे मी देते आहे ते मुलांच्या डीकेएच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये आहेत तेच, पण ऑर्डर डॉक्टरांची लागते. आईबाबांनी वाचलं तरी हरकत नाही, फक्त एक लक्षात ठेवा: डीकेए घरी बरा करायचा नसतो. मधुमेहाचं मूल सारखं उलट्या करत असेल, श्वास जोरात चालला असेल किंवा गुंगीत असेल तर घरून थेट हॉस्पिटल.

ड्रिप नेमकी कशासाठी

अंगात इन्सुलिन नसलं की रक्तात साखर भरपूर असूनही पेशींना ती मिळत नाही. शरीर मग चरबी जाळायला लागतं आणि यकृत त्यातून कीटोन बनवत सुटतं. कीटोन म्हणजे आम्ल. रक्त आंबतं. तिकडे वाढलेली साखर लघवीवाटे पाणी आणि क्षार ओढून नेते, उलट्यांनी उरलंसुरलं जातं. आम्ल बाहेर टाकायला मूल खोल, लांब, धापेसारखे श्वास घेतं. या श्वासाचं वर्णन जर्मन डॉक्टर अडोल्फ कुसमाउल यांनी १८७४ मध्ये केलं, आणि आजही आपण केसपेपरवर त्यांच्याच नावाने ते लिहितो.

इन्सुलिन इथे दोन कामं करतं. साखर उतरवतं आणि कीटोनचा कारखाना बंद करतं. पहिलं काम लवकर होतं, दुसऱ्याला वेळ लागतो. सगळी गफलत या वेळेच्या फरकात आहे. शुगर सहा तासांत जागेवर येते, रक्तातलं आम्ल जायला बारा-अठरा तास लागतात. मधल्या काळात इन्सुलिन चालू ठेवायचं असेल तर साखर बाहेरून द्यावी लागते. म्हणून शुगर उतरली की हात डेक्स्ट्रोजच्या बाटलीकडे गेला पाहिजे, पंपाकडे नाही.

इन्सुलिनच्या इतिहासाची सुरुवातही याच फरकाने झाली. ११ जानेवारी १९२२ ला टोरोंटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. रक्तातली साखर थोडी उतरली, पण लघवीतले कीटोन हटले नाहीत, आणि डॉक्टरांनी तो प्रयत्न फसला असंच मानलं. जेम्स कॉलिप यांनी अर्क जास्त शुद्ध करून दिल्यावर २३ जानेवारीला पुन्हा इंजेक्शन सुरू केली, तेव्हा कीटोन गेले. खरं यश त्यांनी तेव्हा मोजलं. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या माणसांकडे ग्लुकोमीटर नव्हता, तरी कशाकडे बघायचं ते त्यांना कळलं होतं.

आधी ओळखा

डीकेएचं मूल "डीकेए" म्हणून क्वचितच येतं. उलट्या आणि पोटदुखी म्हणून येतं, कधी न्यूमोनिया म्हणून, कधी अपेंडिक्स म्हणून. गेल्या वर्षी आलेली सात वर्षांची मुलगी, वजन २० किलो, दोन दिवस पोटाच्या इन्फेक्शनचं औषध घेत होती. तिच्या आईला मी विचारलं, "रात्री अंथरूण ओलं होतं का?" ती बाई एकदम थांबली. म्हणाली, "सिस्टर, तिसऱ्या वर्षी सुटलेली सवय, पंधरा दिवसांपासून परत लागली. मला वाटलं शाळेचं टेन्शन." सुकलेल्या मुलाला लघवी कमी व्हायला हवी. जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले आणि लघवी मात्र भरपूर, हे चित्र दिसलं की कुणाची वाट न पाहता बोटाला सुई टोचा. छातीत काही ऐकू येत नाही आणि श्वास मात्र धापेचा, तरीही तेच.

निदानाला तीन गोष्टी एकत्र लागतात: शुगर २०० च्या वर, शिरेतल्या रक्ताचा पीएच (रक्त किती आंबलं याचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ७.३ च्या खाली किंवा बायकार्ब १८ च्या खाली, आणि रक्तातले कीटोन ३ मिलिमोल किंवा जास्त. पीएच ७.२ च्या खाली गेला तर मध्यम, ७.१ च्या खाली तर तीव्र. आमच्या या मुलीची शुगर ४८६, पीएच ७.१४, बायकार्ब ८, कीटोन ५.६, पोटॅशियम ४.३, सोडियम १३२. पुढचा सगळा हिशेब मी तिच्याच वजनावर मांडते, म्हणजे समजायला सोपं जाईल.

लघवीच्या पट्टीबद्दल इथेच सांगून टाकते. पट्टीला दिसतो तो एकच कीटोन, आणि डीकेएमध्ये जास्त असतो तो दुसरा, बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट. उपचार सुरू झाल्यावर दुसऱ्याचं रूपांतर पहिल्यात होतं, त्यामुळे मूल सुधारत असताना पट्टी जास्त गडद होऊ शकते. निदानाला पट्टी चालेल. सुधारणा मोजायला रक्तातले कीटोन किंवा गॅस (रक्ताचा पीएच आणि बायकार्ब दाखवणारी तपासणी) बघा.

पहिला तास पाण्याचा

पहिल्या तासात इन्सुलिन नाही. हे ऐकून नातेवाईक अस्वस्थ होतात, "शुगर पाचशेच्या घरात आहे आणि तुम्ही नुसतं सलाईन लावलंय?" त्यांना समजावून सांगा. मूल आधी सुकलेलं आहे. रक्ताभिसरण सावरायच्या आत इन्सुलिन दिलं तर साखर आणि तिच्यामागून पाणी झपकन पेशींत शिरतं, आणि पहिल्याच तासात इन्सुलिन मिळालेल्या मुलांमध्ये मेंदूला सूज येण्याचा धोका जास्त दिसलेला आहे. नुसत्या सलाईननेही शुगर बरीच उतरते. या मुलीची तासाभरात ४३० झाली.

वजन काट्यावर करा, अंदाजाने नको. दोन कॅन्युला (शिरेत बसवायच्या बारीक नळ्या) लावा, एक औषधांना, एक सारखं रक्त घ्यायला. सारखं टोचून मूल आणि आपण दोघंही रडकुंडीला येतो, त्यापेक्षा हे बरं. मानेतली किंवा मांडीतली मोठी लाईन शक्यतो टाळतात, कारण या मुलांच्या रक्तात गुठळ्या लवकर होतात.

नॉर्मल सलाईन किलोमागे १० ते २० मिली, २० ते ३० मिनिटांत. आमच्या मुलीला २०० मिली गेलं. मूल शॉकमध्ये असेल, म्हणजे रक्ताभिसरण कोसळलं असेल, तर किलोमागे २० मिली, जितक्या लवकर जाईल तितकं. त्यानंतर उरलेली तूट सावकाश भरायची. तिची तूट मध्यम, वजनाच्या ७ टक्के, म्हणजे १४०० मिली. त्यातले २०० गेले, उरले १२००, ते ४८ तासांत भरायचे म्हटलं तर ताशी २५. रोजच्या गरजेचं १५०० मिली, म्हणजे ताशी ६२ किंवा ६३. एकूण ताशी ८८ मिली. तूट २४ तासांत भरायचा प्रोटोकॉल असेल तर तोही चालतो. २०१८ मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास आला, १३८९ वेळच्या डीकेएवर. त्यात सलाईन जलद दिलं काय नि सावकाश दिलं काय, मेंदूवरच्या परिणामात फरक दिसला नाही. म्हणून कुठल्या वॉर्डात काय चालतं यावरून वाद घालत बसू नका.

बायकार्बचं इंजेक्शन देऊ का, असं कुणी विचारलं तर उत्तर बहुधा नाही. त्याचा उपयोग दिसलेला नाही आणि धोका दिसलेला आहे. पोटॅशियम जिवावर बेतण्याइतकं वाढलेलं असेल किंवा हृदय दबलेलं असेल तरच सीनिअर डॉक्टर तो निर्णय घेतात.

ड्रिप भरताना

इथे सावकाश वाचा. माझ्या मते सगळ्यात जास्त चुका या टेबलावर होतात, पेशंटच्या बेडपाशी नाही.

लागतं रेग्युलर इन्सुलिन, पाण्यासारखं स्वच्छ दिसणारं. गढूळ दिसणारं इन्सुलिन शिरेत कधीच जात नाही. ५० युनिट इन्सुलिन आणि नॉर्मल सलाईन मिळून ५० मिली, म्हणजे १ मिलीत १ युनिट. हे प्रमाण सगळ्यांनी एकच ठेवलं की रात्री तीन वाजता डोकं चालत नसलं तरी हिशेब चुकत नाही.

आता बाटली. इन्सुलिनची बाटली दोन ताकदींची मिळते, एका मिलीत ४० युनिटची आणि एका मिलीत १०० युनिटची. ५० युनिट म्हणजे चाळीसच्या बाटलीतून १.२५ मिली, शंभरच्या बाटलीतून ०.५ मिली. सवयीने १.२५ मिली ओढलं आणि बाटली शंभरची निघाली तर सिरिंजमध्ये १२५ युनिट गेले, अडीचपट. ताशी २ युनिट ऐवजी मुलीला ५ युनिट जातील. उलटं झालं, चाळीसच्या बाटलीतून ०.५ मिली ओढलं, तर सिरिंजमध्ये फक्त २० युनिट, आणि मग "ड्रिप चालू असूनही कीटोन का उतरत नाहीत" म्हणून सगळे चक्रावतात. इन्सुलिनच्या सिरिंजसुद्धा दोन प्रकारच्या असतात, चाळीसची लाल टोपणाची, शंभरची नारिंगी टोपणाची. बाटली आणि सिरिंज एकाच आकड्याच्या हव्यात. मी बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाचते, दुसरी सिस्टर ऐकते आणि स्वतः बघते, मगच ओढते. आम्ही दोघी मोठ्याने बोलतो म्हणून कुणी हसलं तरी चालेल.

इन्सुलिन प्लॅस्टिकला चिकटतं. नवी नळी जोडून तशीच सुरू केली तर सुरुवातीचं इन्सुलिन नळीच खाते. म्हणून पंप मुलाला जोडण्याआधी तयार केलेल्या द्रावणातलं २० मिली नळीतून सोडून द्या. फुकट जातंय असं वाटतं, पण ते नळीचं पोट भरणं आहे. मग सिरिंजमध्ये ३० मिली उरतं. ताशी २ मिलीने ते पंधरा तास पुरतं. चौदाव्या तासाला पुढची सिरिंज भरून ठेवलेली असली पाहिजे, पंप वाजायला लागल्यावर भरायला घ्यायची नाही. सिरिंजवर लेबल लावा: औषध, युनिट, मिली, भरल्याची वेळ, दोघींच्या सह्या.

वेग: किलोमागे ताशी ०.०५ ते ०.१ युनिट. २० किलोला ०.१ ने ताशी २ मिली. आम्ल कमी असेल, पीएच ७.१५ च्या वर असेल किंवा मूल अगदी लहान असेल तर डॉक्टर ०.०५ ने, म्हणजे ताशी १ मिलीने सुरू करू शकतात. आधी बोलस, म्हणजे एकदम मोठा डोस, मारायचा नाही. त्याने काही साधत नाही, पोटॅशियम मात्र खाली आदळतं.

इन्सुलिनची नळी मुख्य सलाईनला कॅन्युलाच्या अगदी जवळ जोडा. ताशी २ मिली म्हणजे अगदी थेंबथेंब, लांब जोडलं तर मुलापर्यंत पोचायलाच वेळ जातो. त्याच लाईनमधून अँटिबायोटिक ढकलू नका, नाहीतर नळीतलं साचलेलं इन्सुलिन एका दमात आत जातं.

पोटॅशियम बघितल्याशिवाय पंप सुरू नाही

रिपोर्टमध्ये ४.३ बघून निर्धास्त होऊ नका. शरीरातलं पोटॅशियम लघवीतून आणि उलट्यांतून आधीच वाहून गेलेलं असतं. आंबलेल्या रक्तामुळे पेशींतलं बाहेर आलेलं असतं, म्हणून आकडा ठीक दिसतो. इन्सुलिन सुरू झालं की ते परत आत शिरतं आणि रक्तातलं झरझर खाली येतं.

नॉर्मल असेल तर इन्सुलिनबरोबरच सलाईनमध्ये लिटरमागे ४० मिलिमोल पोटॅशियम. १५ टक्क्यांच्या पोटॅशियम क्लोराईडच्या १० मिलीत २० मिलिमोल असतं, म्हणजे ५०० मिलीच्या बाटलीला एक अँप्यूल. टाकल्यावर बाटली नीट उलटीपालटी करा, जड द्रावण तळाशी बसून राहतं. ५.५ च्या वर असेल तर पोटॅशियम थांबवा, ते उतरेपर्यंत आणि लघवी होतेय याची खात्री होईपर्यंत. ३ च्या खाली असेल तर इन्सुलिन थांबवा. आधी मॉनिटरवर लक्ष ठेवून पोटॅशियम द्यायचं, ताशी किलोमागे ०.५ मिलिमोलच्या वर कधीच नाही, आणि आकडा ३ च्या वर आल्यावर पंप. पोटॅशियमचं अँप्यूल थेट शिरेत कधीही जात नाही. त्याने हृदय थांबतं. आमच्याकडे ते अँप्यूल वेगळ्या डब्यात, कुलपात असतं आणि तसंच असावं.

दोन बाटल्यांची युक्ती

मला सगळ्यात आवडणारी पद्धत ही. दोन बाटल्या शेजारी टांगायच्या. सलाईन आणि पोटॅशियम दोन्हींत सारखंच. फरक एवढाच की एकीत डेक्स्ट्रोज नाही आणि दुसरीत १० टक्के डेक्स्ट्रोज. एकूण वेग कायम ८८. शुगर वर असेपर्यंत सगळं पहिलीतून. शुगर २५० ते ३०० च्या मध्ये आली, किंवा तासाला ९० पेक्षा जास्त घसरायला लागली, की ४४ आणि ४४. मुलाला आपोआप ५ टक्के डेक्स्ट्रोज मिळतं. आणखी उतरली तर २२ आणि ६६, म्हणजे साडेसात टक्के. त्याहून खाली तर सगळं दुसरीतून. बाटली बदलायची धावपळ नाही, वाट बघणं नाही, पंपावरचे दोन आकडे बदलले की झालं. इन्सुलिनच्या पंपाला हात लावायचा मोहच होत नाही.

या मुलीला इन्सुलिन सुरू झाल्यावर चार तासांनी शुगर २७२ आली, ४४-४४ केलं. कीटोन ३.८. आठव्या तासाला शुगर १५८, कीटोन १.९, २२-६६ केलं. त्या वेळी नवी सिस्टर माझ्याकडे बघत होती. मी तिला दोन्ही आकडे शीटवर शेजारी लिहायला लावले. १५८ आकडा बघून बंद करावंसं वाटतं, १.९ बघून कळतं की काम अर्धवट आहे.

पूर्ण १० टक्क्यांवरही शुगर खाली जात असेल तर डॉक्टर डेक्स्ट्रोज साडेबारा टक्क्यांपर्यंत नेतात, किंवा आम्ल सुधारत असेल तर इन्सुलिन ०.०५ वर आणतात. शुगर ७० च्या खाली गेलीच तर १० टक्के डेक्स्ट्रोज किलोमागे २ मिली, तिला ४० मिली, आणि लगेच डॉक्टर. ड्रिप काही मिनिटं थांबवायची का, हे ते ठरवतील, आणि थांबवली तर सुरू करायची वेळ शीटवर लिहून ठेवायची.

दर तासाला शुगर, नाडी, श्वास, बीपी, शुद्ध, आत किती गेलं, बाहेर किती आलं. दर दोन ते चार तासांनी गॅस, क्षार, कीटोन. कीटोन तासाला साधारण अर्धा मिलिमोल उतरायला हवेत. दोन-चार तासांत काहीच हलत नसेल तर डोस वाढवायच्या आधी माग उलटा काढत जा: कॅन्युला सुजली आहे का, नळी कुठे पिळली आहे का, पंपाचा वेग बरोबर आहे का, द्रावण बरोबर भरलंय का. शंका आली तर सिरिंज फेकून नवी भरा. मग इन्फेक्शनचा शोध.

सोडियमचाही एक हिशेब ठेवा. साखर जास्त असताना सोडियम खोटं कमी दिसतं. शुगर १०० च्या वर दर शंभराला २ मिळवा. १३२ आणि ४८६ म्हणजे खरं सोडियम १४० च्या आसपास. शुगर उतरत जाते तसं रिपोर्टातलं सोडियम वर चढायला हवं. चढत नसेल, उलट घसरत असेल, तर डॉक्टरांना फोन लावा.

डोक्याकडे लक्ष

डीकेएच्या मुलांमध्ये मेंदूला इजा होण्याचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी. पण डीकेएने जी मुलं जातात त्यांतली बहुतेक याच कारणाने जातात. उपचाराच्या पहिल्या बारा तासांत धोका सगळ्यात जास्त, आणि पाच वर्षांखालची, पहिल्यांदाच निदान झालेली, फार आंबलेली मुलं जास्त जपायची.

मॉनिटर हे आधी सांगत नाही, मूल सांगतं. डोकं दुखायला लागलं किंवा आधीचं वाढलं. थांबलेली उलटी पुन्हा आली. चिडचिड करतंय, आईला ओळखत नाही, हाक मारली तर डोळे उघडतं आणि लगेच मिटतं. मोठ्या मुलाने जागेपणी कपड्यांत लघवी केली. नाडी मिनिटाला वीसने वगैरे खाली आली आणि झोप किंवा भरून आलेलं पाणी एवढ्याने ती पटत नाही, बीपी मात्र चढतंय. रात्री मूल शांत झोपलंय असं वाटलं तरी दर तासाला उठवा. नाव विचारा, बोट दाबायला सांगा. आईला वाईट वाटतं, "आत्ता कुठे डोळा लागलाय हो." तिला हळूच सांगायचं की झोप आहे की गुंगी, हे उठवल्याशिवाय मला कळणार नाही.

शंका आली की डोकं ३० अंशांनी वर, मान सरळ, डॉक्टरांना हाक, आणि मेंदूची सूज उतरवणारं मॅनिटॉल किलोमागे ०.५ ते १ ग्रॅम १० ते १५ मिनिटांत, किंवा ३ टक्के सलाईन किलोमागे २.५ ते ५ मिली तेवढ्याच वेळात. सीटी स्कॅनसाठी औषध थांबवायचं नाही. म्हणून डीकेएचं मूल आलं की मॅनिटॉलचा वजनाप्रमाणे डोस काढून मी कागदावर लिहून बेडला चिकटवते. तिचा होता १० ते २० ग्रॅम, म्हणजे २० टक्के मॅनिटॉल ५० ते १०० मिली. तो कागद वापरावा लागला नाही.

पंप नसेल तर

मूल शुद्धीवर आहे, शॉकमध्ये नाही, डीकेए सौम्य किंवा मध्यम आहे आणि शिरेतून ड्रिप चालवायची सोय नाही, अशा वेळी त्वचेखाली जलद इन्सुलिन किलोमागे ०.१५ युनिट दर दोन तासांनी देता येतं. साधं रेग्युलर असेल तर ०.१३ ते ०.१७ युनिट दर चार तासांनी. पाणी, पोटॅशियम आणि तासातासाची शुगर याचे नियम तेच. मूल थंड पडलं असेल, हातपाय गार असतील तर त्वचेतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, तिथे हा मार्ग नको. पुढच्या हॉस्पिटलला पाठवायचं असेल तर सलाईन सुरू करून पाठवा आणि चिठ्ठीवर वेळा लिहा: किती वाजता किती मिली, शेवटची शुगर किती, इन्सुलिन दिलं असेल तर किती वाजता. त्या वेळांवाचून पुढच्यांना सगळं पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं.

ड्रिप उतरवताना

पीएच ७.३ च्या वर, कीटोन १ च्या खाली, मूल जागं, उलटी नाही, काहीतरी खायला मागतंय. अकराव्या तासाला या मुलीचे कीटोन ०.८ आणि पीएच ७.३४ झाला, बायकार्ब मात्र १६ वरच. नव्या सिस्टरला वाटलं अजून बाकी आहे. सोडियम १३९, क्लोराईड ११२, बायकार्ब १६. सोडियममधून बाकीचे दोन वजा केले तर उरणारी दरी (अ‍ॅनायन गॅप, आम्ल साठलं की ती वाढते) ११, म्हणजे नॉर्मल. आम्ल गेलं होतं. बायकार्ब खाली होता तो आपणच दिलेल्या सलाईनमधल्या क्लोराईडमुळे, आणि तो मूत्रपिंड एक-दोन दिवसांत आपोआप सावरतं. त्यासाठी इन्सुलिन वाढवायचं नाही.

ड्रिप जेवणाच्या वेळेला उतरवणं सोपं जातं. आधी त्वचेखालचं इन्सुलिन, मग पंप बंद. जलद इन्सुलिन असेल तर पंप १५ ते ३० मिनिटांनी थांबवायचा, रेग्युलर असेल तर एक ते दोन तासांनी. दिवसभर टिकणारं लांब इन्सुलिन ड्रिप चालू असतानाच आदल्या संध्याकाळी दिलं तर मधे खळगा पडत नाही. त्या मुलीला जलद इन्सुलिन दिलं, ताट समोर आलं, तिने दोन घास खाल्ले आणि आईला म्हणाली, "आता पाणी नको, तहान नाही." मी घड्याळ बघितलं, वीस मिनिटं झाली होती. पंप बंद केला, शीटवर वेळ लिहिली, सही केली आणि तासाभराने पुन्हा शुगर घ्यायची म्हणून फोनमध्ये अलार्म लावला.